छोट्या कॉलेजात राष्ट्राध्यक्षांचे कागद शोधताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, पिओरिया शहराच्या जवळ, युरेका नावाचं लहानसं गाव आहे. तिथलं युरेका कॉलेज १८५५ सालचं. विद्यार्थी आजही काही शेच. रोनाल्ड रेगन १९२८ मध्ये इथे दाखल झाले आणि १९३२ मध्ये अर्थशास्त्र व समाजशास्त्र घेऊन पदवीधर झाले. पुढे रेडिओवरचे क्रीडा निवेदक, हॉलीवूडचे नट, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर आणि १९८१ ते १९८९ राष्ट्राध्यक्ष असा त्यांचा प्रवास झाला. कॉलेजच्या आवारात त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथल्या बऱ्याच वस्तू स्वतः रेगन यांनीच दिलेल्या आहेत. आवारातल्या बागेत बर्लिनच्या भिंतीचा एक तुकडाही उभा आहे.

अमेरिकेच्या इतिहासावर प्रबंध लिहिणारे, पत्रकारितेसाठी संदर्भ शोधणारे किंवा तिकडे शिकायला गेलेले आपले विद्यार्थी अशा संग्रहांकडे वळतात आणि पुष्कळदा निराश होऊन परततात. ‘तिथे काही विशेष नाही’ असं त्यांच्याकडून ऐकलं की मला वाईट वाटतं. कारण तिथे जे असतं ते दुसरीकडे कुठेही नसतं. चुकलेला असतो तो आपला प्रश्न.

सरकारी कागद कॉलेजात शोधणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. रेगन यांच्या कारकिर्दीतले मंत्रिमंडळाचे कागद, परराष्ट्र धोरणावरची टिपणं, व्हाइट हाउसमधला पत्रव्यवहार यातलं काहीही युरेकात नाही, आणि असूही शकत नाही. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्षांच्या कागदपत्रांचा कायदा झाला. २० जानेवारी १९८१ पासून तो लागू झाला, म्हणजे त्याखाली आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष रेगनच. त्याआधी मावळते राष्ट्राध्यक्ष आपले कागद खाजगी मालमत्ता म्हणून सोबत नेत आणि मग मर्जीने दान करत. नव्या कायद्याने हे कागद देशाच्या मालकीचे झाले. ते आहेत कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीच्या रेगन ग्रंथालयात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अखत्यारीतलं हे ग्रंथालय १९९१ च्या नोव्हेंबरात उघडलं आणि तिथे कोट्यवधी पानं आहेत. कार्यकाळ संपल्यावर पाच वर्षांनी माहितीच्या कायद्याखाली अर्ज करता येतो. काही वर्गांतले कागद मात्र बारा वर्षांपर्यंत बंद ठेवता येतात.

मग कॉलेजकडे काय असतं? त्या माणसाची तरुणपणीची वर्षं असतात. विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र, वार्षिक अंक, खेळाच्या संघांचे फोटो, नाटकांच्या पत्रिका, विश्वस्त मंडळाची इतिवृत्तं आणि माजी विद्यार्थी म्हणून पुढे अनेक दशकं चाललेला पत्रव्यवहार. रेगन विश्वस्त मंडळावरही होते. त्यांना १९५७ साली मानद पदवी मिळाली, १९६७ साली गव्हर्नर असताना ते कॉलेजच्या ग्रंथालयाच्या समर्पण सोहळ्याला आले, आणि ९ मे १९८२ रोजी राष्ट्राध्यक्ष म्हणून पदवीदान समारंभात बोलले. हा सनावळीचा कागद हाताशी ठेवूनच चौकशीचं पत्र लिहा. ‘रेगनबद्दल जे असेल ते पाठवा’ असं लिहिलंत तर उत्तर गोलमोलच येईल. ‘१९६७ च्या समारंभाची निमंत्रणपत्रिका आणि फोटो आहेत का?’ असं विचारलंत तर समोरचा माणूस नेमका खोका उघडू शकतो.

शोधखिडकीत चुकीचं नाव टाकणं

‘राष्ट्राध्यक्ष रेगन’ असं टाकून शोधलं तर १९८१ नंतरचंच हाती लागणार. कॉलेजात त्यांना सगळे ‘डच’ म्हणत, कारण लहानपणापासून तेच टोपणनाव होतं. त्यामुळे १९२८ ते १९३२ मधल्या बातम्यांत ‘डच रेगन’ शोधून पाहा.

दुसरा गोंधळ याहून वाईट. रेगन यांचे थोरले भाऊ नील हेही काही वर्षं याच कॉलेजात होते. जुन्या बातमीत नुसतं ‘रेगन’ असेल तर तो थोरला की धाकटा, हे संदर्भावरून ठरवावं लागतं. एखाद्या फोटोखाली फक्त आडनाव असेल तर दुसरा पुरावा मिळेपर्यंत ते ‘रोनाल्ड’च्या नावावर जमा करू नका.

आणखी एक ठेच ठरलेली आहे. अमेरिकेत कॉलेजच्या प्रमुखालाही ‘प्रेसिडेंट’ म्हणतात. युरेकाच्या १९२८ च्या कागदांत ‘प्रेसिडेंट विल्सन’ दिसले तर ते वुड्रो विल्सन नव्हेत, ते कॉलेजचे प्रमुख बर्ट विल्सन. यंत्राने बनवलेल्या सूचीत दोघांची सहज सरमिसळ होते, म्हणून प्रत्येक नोंदीचं साल आधी बघा.

आठवणीला अस्सल कागद समजणं

इथे जरा थांबायला हवं, कारण माझ्या मते या संग्रहांचं खरं मोल इथेच कळतं.

१९२८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर युरेका कॉलेजात संप झाला. पैशांची ओढाताण होती, बर्ट विल्सन यांनी अभ्यासक्रम आणि शिक्षक कमी करण्याची योजना मांडली आणि विद्यार्थी बिथरले. सतरा वर्षांचे रेगन पहिल्या वर्षाला होते. रात्री प्रार्थनामंदिरात सभा भरली, पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वतीने ते बोलले आणि समोरचा जमाव आपल्या शब्दांवर उठतो म्हणजे काय, हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळलं. पुढे विल्सन यांनी राजीनामा दिला. रेगन यांच्या बहुतेक चरित्रांत हा प्रसंग येतो, कारण पुढच्या वक्त्याची ती पहिली चुणूक मानली जाते.

पण हा प्रसंग आपल्यापर्यंत प्रामुख्याने पोचला तो रेगन यांच्याच तोंडून. त्यांचं पहिलं आत्मचरित्र १९६५ चं, म्हणजे संपानंतर ३७ वर्षांनी आलेलं, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ते गव्हर्नरपदाची निवडणूक लढले. दुसरं आत्मचरित्र १९९० चं. मधल्या काळात हीच गोष्ट त्यांनी भाषणांतून अनेकदा सांगितली. गोष्ट रचणारा माणूस मूळचा निवेदक आणि नट. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यांना बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. ही बखर आहे. घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, पुढचं सगळं ठाऊक असलेल्या माणसाने सांगितलेली.

अस्सल कागद कॉलेजकडे आणि गावाकडे असतो. त्या आठवड्यातलं विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र ‘पेगासस’, पिओरियाच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या, विश्वस्तांच्या बैठकीचं इतिवृत्त. त्यांत बघायचं ते हे: सभेत कोण कोण बोलल्याची नोंद आहे? पहिल्या वर्षाच्या मुलाचं नाव आलंय का, आलं असेल तर कितव्या परिच्छेदात? मागण्या कोणाच्या सहीने गेल्या? नाव सापडलं नाही म्हणजे ते बोललेच नाहीत, असाही निष्कर्ष घाईने काढू नका. १९२८ च्या बातमीदाराला हा मुलगा पुढे कोण होणार हे कुठे ठाऊक होतं! नेमकं म्हणूनच त्या बातमीवर जास्त विश्वास ठेवता येतो. सिमी व्हॅलीतल्या कोट्यवधी पानांतही ही अजाणता सापडणार नाही.

सही दिसली की भुलणं

कॉलेजकडे भेट आलेल्या वस्तूंत सही केलेले फोटो हमखास असतात. रेगन १९३७ साली वॉर्नर ब्रदर्समध्ये गेले, त्यानंतर चाहत्यांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला आणि त्यांची आई नेली यांनी मुलाच्या नावाने असंख्य फोटोंवर सह्या केल्या. राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात सही करणारं यंत्र व्हाइट हाउसमध्ये सर्रास वापरात होतं. त्यामुळे नुसत्या सहीवरून काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी हे विचारा: वस्तू कॉलेजकडे कोणाकडून आली, कोणत्या साली, सोबत पत्र होतं का? आवक नोंदवहीतली एक ओळ सहीपेक्षा जास्त सांगते.

मालकी आणि हक्क यांची गल्लत

पत्र कॉलेजच्या कपाटात आहे म्हणून ते छापायची परवानगी कॉलेज देऊ शकतंच असं नाही. कागदाची मालकी एकाची असते, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. अमेरिकी कायद्यात अप्रकाशित पत्रांवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. रेगन ५ जून २००४ रोजी वारले, म्हणजे त्यांची खाजगी पत्रं २०७४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

सुटकेची बाजूही आहे. राष्ट्राध्यक्षाने पदाच्या नात्याने केलेलं भाषण सरकारी लेखन ठरतं आणि त्यावर स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे १९८२ चं युरेकातलं भाषण पूर्ण वापरता येतं. ते जरूर वाचा. सोव्हिएत संघाशी अण्वस्त्रकपातीच्या वाटाघाटींचा प्रस्ताव रेगन यांनी त्यात जाहीर केला आणि क्षेपणास्त्रांवरची अण्वस्त्रं पहिल्या टप्प्यात किमान एक तृतीयांशाने घटवण्याची कल्पना मांडली. तो करार प्रत्यक्षात झाला १९९१ च्या जुलैमध्ये, तेव्हा रेगन पदावरून जाऊन दोन वर्षं उलटली होती. १९२८ मध्ये अमेरिकेत छापलेला मजकूर तर १ जानेवारी २०२४ पासून सर्वांना खुला आहे, संपाच्या बातम्यांसकट.

उत्तर येत नसेल तर

छोट्या कॉलेजात अभिलेखागार बहुधा एकच माणूस सांभाळतो, तोही ग्रंथालयाची बाकी कामं करून. मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत सुट्टी, नोव्हेंबरच्या शेवटी आणि नाताळात पुन्हा शुकशुकाट. म्हणून सहा-आठ आठवडे हातात ठेवून लिहा. एका पत्रात दोन-तीनच प्रश्न घाला, स्कॅनिंगचं शुल्क द्यायची तयारी आधीच कळवा आणि आधी काय काय पाहून झालंय तेही लिहा. स्मरणपत्र नम्र असू द्या.

प्रत्यक्ष गेलात तर पेन बाहेर ठेवून पेन्सिल न्या. कागदासाठी पांढरे सुती हातमोजे अनेकजण आवर्जून मागतात, पण त्यांनी बोटांची जाणीव बोथट होते आणि जुन्या पानाच्या कडा फाटतात. कागदाला स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हातच बरे. मोजे लागतात ते फोटो आणि निगेटिव्हसाठी.

आपल्याकडच्या कॉलेजांसाठी

हे सगळं वाचताना जळगावची आठवण होणं साहजिक आहे. प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकल्या, तिथे टेबल टेनिस खेळल्या, मग मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि २००७ ते २०१२ त्या राष्ट्रपती होत्या. ज्या कॉलेजात असं कोणी शिकलंय, त्यांच्याकडून एक चूक फार होते. सत्काराची शाल, स्मृतिचिन्ह आणि उद्घाटनाचे फोटो काचेच्या कपाटात जातात, आणि त्या वर्षांचे वार्षिक अंक, संघनिवडीच्या याद्या, वसतिगृहाची रजिस्टरं रद्दीत किंवा वाळवीच्या तोंडी. खरी निकड दुसऱ्या गठ्ठ्याची असते.

तो गठ्ठा हाती आला तर लॅमिनेशन करू नका, कारण ते पुन्हा काढता येत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. गंजणाऱ्या टाचण्या आणि स्टेपल हलक्या हाताने काढून टाका. वर्तमानपत्री कागद आम्लयुक्त असतो, तो इतर कागदांना लागून ठेवू नका. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ कॅसेट असतील तर सगळ्यात आधी त्यांची डिजिटल प्रत करा. कागद अजून पन्नास वर्षं वाट पाहील, चुंबकीय फीत पाहणार नाही, आणि ती वाजवणारी यंत्रंही दुर्मिळ होत चालली आहेत.

सोबत शिकलेल्या ज्या मंडळींची गाठ पडू शकते, त्यांचं बोलणं तारीख घालून ध्वनिमुद्रित करा. ती बखर म्हणूनच नोंदवा, पण नोंदवा. आणि कोणी वस्तू भेट दिली तर त्याच दिवशी दानपत्र लिहून घ्या: देणाऱ्याचं नाव, वस्तू त्याच्याकडे कशी आली, छापण्याचा हक्क कॉलेजला दिला की नाही, आणि काही कागद ठराविक सालापर्यंत बंद ठेवायचे असतील तर ते साल. दोघांच्या सह्या घेऊन त्याची एक प्रत देणाऱ्याला द्या, एक वस्तूसोबत ठेवा आणि एक मुख्य कार्यालयात.