बरगडीतली गाठ आणि एक राहून गेलेला फोन

पॅथॉलॉजी रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी बरगडीतल्या गाठीची बायोप्सी माझ्या वाट्याला आली. फॉर्मवर एवढंच होतं: 'मेटास्टॅसिस?', म्हणजे दुसरीकडून पसरलेला कर्करोग आहे का? स्लाइडवर मोठाल्या, वेड्यावाकड्या पेशी, काहींत दोन-तीन केंद्रकं. कडेला सरकलेलं केंद्रक, घड्याळाच्या तबकडीसारखं क्रोमॅटिन, असली पुस्तकातली प्लाझ्मा पेशी (अँटिबॉडी बनवणारी पेशी) शोधूनही सापडेना. पेशी ओळखायच्या मार्करांपैकी सीडी ४५ (पांढऱ्या रक्तपेशींचा) निगेटिव्ह, ईएमए (बहुतेक कार्सिनोमांत दिसणारा) पॉझिटिव्ह. मी कार्सिनोमा, म्हणजे आवरणपेशींचा कर्करोग, लिहून टाकला.

सही करण्याआधी मॅडमनी विचारलं, "क्रिएटिनिन किती आहे गं?" मी वॉर्डात फोन केला. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि कॅल्शियम दोन्ही वाढलेलं, हिमोग्लोबिन ८; म्हणजे मायलोमाची शंका. पुढच्या मार्करमध्ये सायटोकेरॅटिन (कार्सिनोमाचा) निगेटिव्ह, सीडी १३८ (प्लाझ्मा पेशींचा) पॉझिटिव्ह आणि अँटिबॉडीच्या दोन लाइट चेनपैकी लॅम्डा गडद, कप्पा जवळजवळ कोरा. तो अ‍ॅनाप्लास्टिक मायलोमा होता, म्हणजे ओळखू न येण्याइतक्या बदललेल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग.

नव्याने येणाऱ्यांनो, सीडी १३८ उमटला म्हणून प्लाझ्मा पेशीच, असं धरू नका. कित्येक कार्सिनोमांतही तो उमटतो, आणि ईएमए प्लाझ्मा पेशींतही दिसतो. खरी साक्ष कप्पा-लॅम्डाची: दोन्हींपैकी एकच उमटली, तर पेशी एकाच वंशाच्या. पेशी फारच अपरिपक्व दिसल्या तर ईबीईआर (एपस्टीन-बार विषाणू शोधणारी चाचणी) करा आणि एचआयव्हीची माहिती मागवा, कारण या दोन्हींशी बहुधा जोडलेला प्लाझ्माब्लास्टिक लिंफोमा हुबेहूब असाच दिसतो.

एक्स-रे स्वतः बघा. मायलोमात हाड पोखरलं जातं, पण नवं हाड फारसं बनत नाही, म्हणून नवं हाड टिपणारा बोन स्कॅन फसवा निघू शकतो. उलट, गाठ पांढरी, घट्ट दिसली आणि रुग्णाच्या हातापायांना मुंग्या, अशक्तपणा असेल, तर पोएम्स सिंड्रोम (प्लाझ्मा पेशींचा, नसांनाही ग्रासणारा आजार) आठवा. तिथे लाइट चेन बहुधा लॅम्डाच असते.

गाठ प्लाझ्मा पेशींचीच ठरली तरी ती एकटी आहे का, हे मॅरो (अस्थिमज्जेची तपासणी) आणि स्कॅनशिवाय सांगता येत नाही. एकट्या प्लाझ्मासायटोमाला (प्लाझ्मा पेशींच्या एकाच गाठीला) मुख्यतः रेडिओथेरपी, मायलोमाला सगळ्या शरीरभर जाणारी औषधं. उपचार इतके वेगळे, म्हणून इथे घाई नको.

त्या बायोप्सीत आणखी एक चूक झाली होती. हाड मऊ करायला तुकडा तीव्र आम्लात ठेवला गेला, त्यामुळे फिशसाठी (पेशींतले जनुकीय बदल दाखवणाऱ्या चाचणीसाठी) पाठवलेल्या ब्लॉकमधून सिग्नलच मिळाले नाहीत. रुग्णाला मॅरोसाठी पुन्हा सुई सोसावी लागली. तेव्हापासून हाडाची बायोप्सी आली की मी आधी ग्रॉसिंग रूममध्ये (नमुने कापून तयार करतात तिथे) जाते आणि सौम्य द्रावणाचा आग्रह धरत टेक्निशियनदादांना सांगते, "ईडीटीएमध्येच ठेवा, वेळ लागला तरी चालेल."