झडपांच्या खिडकीला पडदे लावताय? या चुका टाळा

पडदे शिवून घ्यायला येणारे लोक खिडकीची लांबी-रुंदी कागदावर लिहून आणतात. झडपा आत उघडतात की बाहेर, हे मात्र मलाच विचारावं लागतं. सरकत्या काचांना त्यानं काही बिघडत नाही, पण बिजागरीच्या खिडकीत सगळं तिथूनच ठरतं. म्हणून कापड बघायच्या आधी झडप पूर्ण उघडून बघा.

झडपा आत येत असतील तर चौकटीच्याच मापाचा रॉड ही सगळ्यात महाग पडणारी चूक. 4 फुटी खिडकीला 4 फुटी रॉड लावला की पडदा कितीही सारा, तो काचेसमोरच गोळा होतो. 4 फूट पन्ह्याच्या रिंगांच्या एका पडद्याला गोळा व्हायला 8-9 इंच लागतात, आणि झडप उघडली की तिचा कोपरा नेमका त्या गठ्ठ्यात शिरतो. मागे माझ्याकडे दुरुस्तीला एक पडदा आला होता. कापड चांगलं जाड, बाकी सगळा नव्यासारखा. फक्त झडपेच्या कडीच्या उंचीवर आडवा काळपट पट्टा आणि त्यात बोटभर चीर. रोज तीच कडी त्याच जागी घासत होती. मला फार वाईट वाटलं, कारण रॉड दोन्हीकडे 9-9 इंच वाढवून साडेपाच फुटांचा घेतला असता तर तो पडदा आणखी कितीतरी वर्षं टिकला असता.

खिडकी कोपऱ्यात आहे, एका बाजूला भिंतच नाही? मग दोन पडद्यांचा हट्ट सोडा. एकच करा, मोकळ्या बाजूला सरणारा.

आणि झडप पार भिंतीला टेकेपर्यंत उघडत असेल, तर रॉड लांबवूनही पडदा तिच्यामागे चेंगरतो. अशा ठिकाणी मी अजूनही दोन्ही टोकांना हुक असलेली स्प्रिंगच सुचवते. झडपेलाच वर एक आणि खाली एक स्प्रिंग ताणायची, त्यात पातळ कापड ओवायचं. झडप फिरते तसा पडदाही तिच्याबरोबर फिरतो. चुण्यांना दीडपट कापड पुरतं. लोकांना ही जुनी पद्धत वाटते, पण वाड्यातल्या अरुंद खोलीत याहून सोयीचं मला अजून काही दिसलेलं नाही.

बाहेर उघडणाऱ्या झडपांचं दुखणं वेगळं. वाऱ्यानं पडदा गजांतून बाहेर जातो, पावसात भिजतो आणि गजांच्या गंजाचे तांबडे डाग पडतात. त्यावर ब्लीच अजिबात टाकू नका, डाग आणखी पक्का होतो. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवा, रंगीत कापड असेल तर आधी आतल्या कोपऱ्यावर करून बघा. पडदा उडू नये म्हणून खालच्या दुमडीत वजनाची साखळी घाला. चौकटीला वेल्क्रोची मच्छरदाणी असेल तर जाळीदार पडदा नको. त्याचे धागे वेल्क्रोत अडकून ओढले जातात.

रोमन ब्लाइंडचंही, म्हणजे दोरी ओढली की घड्या पडत वर जाणाऱ्या पडद्याचंही, तेच. आत उघडणाऱ्या झडपेसमोर तो चौकटीच्या आत बसवला तर खिडकीच उघडत नाही. वर ओढलेला ब्लाइंड 8-10 इंच जागा खातो. चौकटीच्या तेवढा वर बसवा. घरात लहान मूल असेल तर ओढायची दोरी लोंबती ठेवू नका, ती गळ्याभोवती अडकू शकते. भिंतीवर मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर खुंटी मारून तिला गुंडाळा.

सुती कापड घेतलंत तर शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. 5 फुटांच्या पडद्यात पहिल्या धुण्याला 2-3 इंच सहज जातात. एवढं करूनही शिंप्याला खालची दुमड 4 इंचांची ठेवायला सांगा, म्हणजे पुढे आखूड झालाच तर उसवून उंची वाढवता येते.