ओझार्कच्या नद्यांवर मित्रांसोबत कनू आणि मासेमारी: बेत कसा आखावा

कनूतून, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होडीतून, गळ टाकत जायचं असेल तर दिवसाला सहा-सात मैलांहून जास्त अंतर ठरवू नका. ओझार्कच्या सहलीचा बाकीचा सगळा बेत या आकड्यावरून आखायचा. नकाशावर दहा-पंधरा मैल किरकोळ वाटतात आणि पहिल्यांदा जाणारा गट हमखास तेवढेच ठरवतो. मग दुपारनंतर सगळे मान खाली घालून नुसतं वल्हवत बसतात आणि गळ होडीच्या तळाशी पडून राहतो.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याचा दक्षिण भाग आणि आर्कान्साचा उत्तर भाग, मुख्यतः या दोन्हींत ओझार्कचं डोंगरपठार पसरलं आहे. सेंट लुईस, रोला किंवा बेंटनविलला राहणाऱ्यांना शनिवार-रविवार जोडून सहज जाता येतं. इथल्या नद्या चुनखडकातून वाहतात आणि जमिनीखालचे प्रचंड झरे त्यांना पाणी पुरवतात. व्हॅन ब्यूरेन गावाजवळचा बिग स्प्रिंग हा एकटा झरा दिवसाला सरासरी शंभर कोटी लिटरहून जास्त पाणी ओततो. म्हणूनच ऐन ऑगस्टमध्ये आसपासचे ओढे कोरडे पडले तरी करंट नदी भरलेली आणि थंडगार असते.

आधी नदी ठरवा

नवख्या गटाने करंट नदीच निवडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. झऱ्यांमुळे तिचं पाणी भरवशाचं असतं, खळाळ सौम्य आहेत आणि चढण्या-उतरण्याच्या जागा सोयीच्या अंतरावर आहेत. तिला मिळणारी जॅक्स फोर्क देखणी आहे, पण तिचा वरचा भाग पावसावर चालतो. वसंत ऋतू सरला की तिथे होडी गोट्यांवरून ओढत न्यावी लागते. एली स्प्रिंगच्या खाली मात्र तिला झऱ्याचं पाणी मिळतं. इलेव्हन पॉइंटवर गर्दी कमी असते. ग्रीअर स्प्रिंगचा झरा मिळाल्यावर तिचं पाणी दुपटीहून वाढतं आणि वेगही. दुसऱ्या-तिसऱ्या सहलीसाठी ती उत्तम. आर्कान्सातली बफेलो उंच कड्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण पोन्का गावाजवळचा तिचा वरचा टप्पा मुख्यतः वसंतातलाच. उन्हाळ्यात तिथे पाणी पुरत नाही, तेव्हा खालच्या अंगाला जावं लागतं.

या नद्या आज मोकळ्या वाहतात, यामागे लोकांची मोठी धडपड आहे. पूर्वी ओझार्कची नावाजलेली मासेमारीची सफर गॅलिनाहून ब्रॅन्सनपर्यंत जायची. जेम्स आणि व्हाइट नद्यांतून पाच दिवस, सव्वाशे मैलांच्या आसपास. सपाट तळाच्या लांब लाकडी जॉनबोटीत स्थानिक वाटाड्या मागे बसून होडी सांभाळायचा आणि शहरातून आलेले पाहुणे पुढे गळ टाकायचे. १९५८ मध्ये टेबल रॉक धरण पूर्ण झालं आणि त्या वाटेचा मोठा भाग जलाशयाखाली गेला. करंट आणि बफेलोवरही धरणांचे बेत होते. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने करंट आणि जॅक्स फोर्क यांना ‘ओझार्क नॅशनल सीनिक रिव्हरवेज’ म्हणून संरक्षण दिलं. बफेलोसाठी बेंटनविलचे डॉक्टर नील कॉम्प्टन आणि त्यांची ओझार्क सोसायटी १९६२ पासून झगडत होती. १९७२ मध्ये ती देशातली पहिली ‘नॅशनल रिव्हर’ ठरली. तुम्ही ज्या पाण्यावर होडी सोडणार आहात, ते असं राखलेलं आहे. कचऱ्याचे आणि माशांचे नियम पाळताना हे ध्यानात ठेवा.

मग टप्पा आणि दिवस

गप्पा मारत वल्हवलं तर कनू तासाला दोन-तीन मैल जाते. गळ टाकत, थांबत, पाण्यात उतरत गेलं तर एक-दीड मैल. दिवसाचे पाच-सहा तास नदीवर धरले की सहा-सात मैल का म्हणतो, ते कळेल.

करंटवरचा एकर्स ते पुलटाइट हा टप्पा साधारण दहा मैलांचा आहे. बरेच जण तो एका दिवसात करतात. मासेमारी करायची असेल तर तो दोन दिवसांत करा, मधली रात्र नदीकाठी काढा. वाटेत केव्ह स्प्रिंग लागतो. तिथे कड्याच्या पायथ्याशी गुहेचं तोंड आहे आणि होडी थेट आत नेता येते. बाहेर अंग भाजणारं ऊन असलं तरी आत शिरताच गारवा झोंबतो आणि खाली निळसर पाण्याचा ठाव लागत नाही. तीन दिवस हाताशी असतील तर पुढे राउंड स्प्रिंगपर्यंत आणखी नऊ-दहा मैल जोडा.

दिवस शक्यतो आठवड्याच्या मधले घ्या. जून ते ऑगस्टमधल्या शनिवारी करंटवर ट्यूबा, तराफे आणि मोठ्या आवाजातली गाणी यांची जत्रा असते. त्यात मासा लागणं कठीण. शनिवारच जमत असेल तर मे महिना किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा.

होड्या, गाडी आणि माणसं

नदीकाठी होड्या भाड्याने देणाऱ्यांना आउटफिटर म्हणतात. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानाधारक आउटफिटरकडूनच होडी घ्या. कनू, वल्ही, लाइफ जॅकेट आणि ने-आण हे सगळं भाड्यात धरलेलं असतं. आरक्षण करताना आग्रहाने एक मागा: आपली गाडी शेवटच्या ठिकाणी उभी करायची आणि त्यांच्या व्हॅनने वर सुरुवातीला जायचं. मग परतीच्या व्हॅनची वेळ गाठायची घाई उरत नाही.

सहा ते आठ जणांचा गट चांगला. एका कनूत दोघं, म्हणजे तीन-चार होड्या. जोड्या लावताना प्रत्येक होडीत एक तरी वल्हवणारा सराईत हवा. जोडपी आणि जिगरी दोस्त वेगळे करावे लागले तरी करा. कुणाला पोहता येत नाही, हे निघण्याआधी स्पष्ट विचारा. आपल्याकडच्या कितीतरी जणांना पोहता येत नाही आणि चारचौघांत ते सांगायला संकोच वाटतो. पोहता येवो न येवो, लाइफ जॅकेट अंगावर आणि पट्टे आवळलेलं हवं. होडीत पाठीमागे ठेवलेलं जॅकेट उलटल्यावर हाताला लागत नाही.

पाण्याची पातळी: इथे तडजोड नाही

निघण्याच्या आधीचे चार दिवस रोज नदीची पातळी बघा. यूएसजीएसची (अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची) मोजणी केंद्रं ताजे आकडे जाहीर करतात. नुसता आकडा पुरत नाही, आलेख चढतोय की उतरतोय ते महत्त्वाचं. पाणी गढूळ आणि चढतं असेल तर बेत रद्द करा. आउटफिटरला फोन करून सरळ विचारा, तो खरं सांगतो. डोंगर उतारांवरचं पाणी इथे झपाट्याने दरीत उतरतं. २०१७ च्या एप्रिलअखेरीस व्हॅन ब्यूरेनला करंट नदी ३७ फुटांवर गेली. त्याआधीचा उच्चांक १९०४ सालचा, २९ फुटांचा होता.

परवाना आणि मासे

मिसूरीत १६ वर्षांवरच्यांना मासेमारीचा परवाना लागतो. राज्यातल्या ६५ वर्षं पूर्ण झालेल्या रहिवाशांना सूट आहे. परवाना मिसूरी कॉन्झर्व्हेशन खात्याकडून ऑनलाइन मिळतो आणि एका दिवसाचाही असतो. ट्राउट मासा ठेवायचा असेल तर वेगळा परवाना. बफेलोवर आर्कान्साचा परवाना लागतो, मिसूरीचा चालत नाही. कोणता मासा कधी, किती लांबीचा आणि किती ठेवता येतो हे नदीच्या टप्प्यागणिक बदलतं. त्या वर्षीची नियमपुस्तिका फोनमध्ये उतरवून घ्या, कारण दऱ्यांमध्ये नेटवर्क नसतं.

करंटच्या उगमाकडे, मोंटॉकपासून सीडरग्रोव्हपर्यंत, थंड पाण्यात ट्राउट असतो आणि तिथले नियम फार कडक आहेत. खाली येताना राज्य असतं स्मॉलमाउथ बासचं. तांबूस-हिरवट अंगाचा हा मासा आकाराच्या मानाने विलक्षण जोर करतो. गळाला लागला की पाण्याबाहेर उसळी घेतो. त्याचं आवडतं खाणं म्हणजे नदीतले क्रॉफिश (शेवंडासारखे छोटे जीव), म्हणून तपकिरी किंवा हिरवट रंगाची मऊ रबरी आमिषं चालतात. सहा-साडेसहा फुटांचा हलका स्पिनिंग रॉड, सहा ते आठ पाउंडांचा ताण पेलणारा दोर आणि पाव औंसाहून हलकी जिग (वजन जोडलेला गळ) एवढं पुरे. पहाटे आणि तिन्हीसांजेला पृष्ठभागावर तरंगणारं आमिष वापरून बघा.

मासा शोधायचा कुठे? वेगवान पाण्याच्या मधोमध नाही, त्याच्या कडेला. मोठ्या दगडामागे पाणी मंद गोल फिरतं. तिथे बास दबा धरून बसतो आणि वाहत येणारं भक्ष्य टिपतो. आमिष दगडाच्या थोडं वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला टाका आणि दोर किंचित ढिला ठेवून ते प्रवाहाबरोबर दगडाला वळसा घालून खाली येऊ द्या. टक टक असा हलका झटका जाणवला किंवा दोर आडवा सरकू लागला की लगेच रॉड उचला. पडलेल्या झाडाची सावली आणि खळाळ संपून डोह सुरू होतो ती जागा, या दोन्ही ठिकाणीही असंच करा.

होडीत एका वेळी एकानेच गळ टाकायचा. पुढचा मासे धरतो, मागचा वल्ह्याने होडी रोखून धरतो आणि तासाभराने अदलाबदल. दोघांनी एकदम गळ टाकले की होडी आडवी होते आणि गळ एकमेकांच्या टोपीत अडकतात. चांगला डोह दिसला तर होडी काठाला ओढून पाण्यात उतरा. चालत केलेली मासेमारी होडीतल्यापेक्षा नेहमीच सरस. वाहत्या पाण्यात नांगर टाकू नका, होडी पाण्याखाली ओढली जाते.

आपल्यातल्या मासेखाऊ मंडळींचा हात लगेच रवा-मसाल्याकडे जातो. रात्री तळायला गॉगल-आय नावाचा मासा ठेवा, तोही नियमात बसेल तेवढाच. लहानखुरा आणि चवीला गोड असतो. स्मॉलमाउथ ओल्या हाताने धरून परत सोडा. तो फार हळू वाढतो आणि मोठा मासा व्हायला बरीच वर्षं लागतात. हेलबेंडर नावाचा चपटा, सुरकुतलेल्या कातडीचा मोठा सॅलमँडर गळाला लागला तर दोर कापून त्याला अलगद सोडा. ओझार्क हेलबेंडर २०११ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या केंद्रीय यादीत आहे. उरलेलं जिवंत आमिष नदीत ओतू नका. ट्राउटच्या पाण्यात नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) तळव्याचे बूट मिसूरीत चालत नाहीत, साधे रबरी तळव्याचे घ्या.

सामान

काचेची बाटली नको, ती बेकायदा आहे. थर्माकोलची बर्फपेटीही नको. घट्ट झाकणाची पेटी आणि होडीला बांधलेली कचऱ्याची पिशवी हवीच. कपडे, झोपायच्या पिशव्या आणि गाडीची किल्ली ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) घालून मधल्या दांड्याला बांधा. पायात पट्ट्याच्या सँडल किंवा जुने बूट हवेत, साध्या चपला पहिल्याच खळाळात वाहून जातात. जेवण सोपं ठेवा: पहिल्या दिवसाला थालीपीठं आणि दही, नंतर मेतकूट-भात किंवा खिचडी.

होडी वळणावर कशी न्यावी

मागचा दिशा देतो, पुढचा जोर देतो. वळणावर प्रवाह होडीला बाहेरच्या काठाकडे रेटतो आणि उन्मळलेली झाडं नेमकी तिथेच अडकलेली असतात. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस जात नाही. म्हणून वळण दिसायला लागल्याबरोबर आतल्या काठाकडे वल्हवायला सुरुवात करा. होडी झाडावर किंवा खडकावर आडवी आदळली तर दोघांनी त्या अडथळ्याकडेच झुका. घाबरून उलटीकडे झुकलात तर पाणी होडीत शिरतं आणि ती गुंडाळली जाते. पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाह जातो त्या दिशेला आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी ठेवा आणि वेगवान पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. दगडांत पाय अडकला की प्रवाह माणसाला खाली दाबतो.

रात्रीचा मुक्काम

नदीकाठच्या गोट्यांच्या वाळवंटावर तंबू ठोकायला मुभा आहे. बेटावर नको. मागे उंच जमिनीवर चढायला वाट असलेली जागा निवडा आणि ती वाट उजेडात चालून बघा. होड्या वर ओढून पालथ्या घाला आणि झाडाला बांधा. पाण्याच्या कडेला एक काठी रोवा. रात्री जाग आली की बॅटरीच्या उजेडात ती बघा. काठी पाण्यात गेली असेल तर तंबू सोडून आधी माणसं वर न्या. शेकोटीला वाळलेली, पडलेली लाकडं घ्या. लांबून लाकूड आणू नका, त्यातून झाडांची कीड पसरते.

परतल्यावर

होड्या देताना गळाचे तुटलेले दोर आणि हुक तळात राहिले नाहीत ना ते बघा. अंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कंबर आणि केसांची मुळं तपासा, कारण ओझार्कमध्ये गोचिड्या भरपूर. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तिला जाळू नका, वर तेलही ओतू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी किंवा अंगावर चट्टे आले तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.