एक्स बँडचा वेव्हगाइड फिल्टर बनवताय? आधी काय अडवायचंय ते लिहा

एक्स बँड म्हणजे ८ ते १२ गिगाहर्ट्झ, आणि वेव्हगाइड म्हणजे त्या लाटा नेणारी धातूची पोकळ नळी. फिल्टर म्हटलं की सगळे आधी पासबँड, म्हणजे जाऊ द्यायचा पट्टा, धरून बसतात. मी म्हणतो नको असलेली फ्रिक्वेन्सी आधी कागदावर लिहा, कारण ती ५ गिगाहर्ट्झसारखी खालची असेल तर वेगळा फिल्टर लागतच नाही. डब्ल्यूआर-९० हा एक्स बँडचा नेहमीचा गाइड आतून २२.८६ बाय १०.१६ मिमी, कटऑफ, म्हणजे सिग्नल वाहण्याची खालची हद्द, ६.५५७ गिगाहर्ट्झ, त्याखालचा सिग्नल आत शिरला तरी विझत जातो, १० सेंमीचा सरळ तुकडा ५ गिगाहर्ट्झला ७५ डीबीच्या (डेसिबल) वर दाबतो.

खरी डोकेदुखी शेजारच्या सिग्नलची. तिथे आयरिसवाला बँडपास घ्या, म्हणजे गाइडमध्ये फटीच्या आडभिंती (आयरिस) घालून कॅव्हिटी, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीला घुमणारे कप्पे, केलेला आणि हवा तेवढाच पट्टा सोडणारा फिल्टर. १० गिगाहर्ट्झला हवेतली वेव्हलेंग्थ ३० मिमी, पण गाइडमध्ये ती ३९.७ होते, आणि नवीन पोरं हमखास इथेच चुकतात, १५ मिमीच्या कॅव्हिटी काढून मोकळे होतात. कॅव्हिटी गाइडमधल्या वेव्हलेंग्थच्या अर्धी लागते, म्हणजे साधारण १९.८, आयरिसमुळे त्याहून जरा कमीच येते. हीच कॅव्हिटी १६.५ गिगाहर्ट्झच्या आसपास पुन्हा सिग्नल सोडते, तिथे काही नकोसं असेल तर जोडीला लो-पास, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा फिल्टर, लागेलच.

आता मशीनिंग. पुण्याजवळच्या भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये जॉब टाकताना ड्रॉइंगवर कोपऱ्यांचा रेडियस लिहा, ४ मिमीचा कटर २ मिमीचा गोल कोपरा सोडणारच, तो सिम्युलेशनमध्ये आधीच घ्या. ब्लॉक रुंद भिंतीच्या बरोबर मध्यावर फाडला तर सांधा करंट तोडत नाही, लॉस कमी, पण फ्रिक्वेन्सी जुळवायचे ट्यूनिंग स्क्रू नेमके त्याच रेषेवर येतात. म्हणून पहिल्या पीसला मी झाकणवाली बॉडीच करतो. त्यात सांधा कोपऱ्यावर येतो आणि करंट तिथूनच जातो, एकदा मी बोल्ट लांब लांब ठेवले आणि लॉस बघून रात्रभर झोप नाही. एम३ चे बोल्ट १०-१० मिमीवर घातले तेव्हा कुठे ताळ्यावर आलं. १० गिगाहर्ट्झला तांब्यात करंट जेमतेम ०.६६ मायक्रॉन आत जातो हो, फिनिशिंगवर पैसे वाचवू नका.

ट्यूनिंगचं एक पक्कं लक्षात ठेवा, रुंद भिंतीच्या मधला स्क्रू आत घातला की फ्रिक्वेन्सी खालीच येते, वर जात नाही. म्हणजे कॅव्हिटी किंचित आखूड कापायच्या, लांब झाली की पीस भंगारात. व्हीएनएवर (फिल्टर मोजायचं यंत्र) रिटर्न लॉस, म्हणजे फिल्टरवरून किती सिग्नल परत फिरतो ते, बघत पाव पाव फेरा द्या, आणि लॉकनट आवळतानाही नजर स्क्रीनवरच ठेवा, कारण नट आवळला की स्क्रू केसभर हलतो आणि स्क्रीनवरच्या ग्राफची जमवलेली डिप (खळगा) सरकते.