स्पॅनिश शिकताय? बोलींच्या बाबतीत या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे खिचडी. सकाळी माद्रिदच्या टीचरचा व्हिडिओ, बसमध्ये मेक्सिकन पॉडकास्ट, रात्री अर्जेंटिनाची सिरीज, आणि मग एकाच वाक्यात स्पेनचं 'वोसोत्रोस' (तुम्ही सगळे) पण आणि अर्जेंटिनाचं 'वोस' (तू) पण! समोरच्याला कळतं हो, पण ऐकायला विचित्र वाटतं. शब्द इकडचे तिकडचे झाले तर फारसं कोणी मनावर घेत नाही, सर्वनाम आणि क्रियापद मात्र एकाच ठिकाणचं धरा.

स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला 'वोसोत्रोस' म्हणतात आणि मान द्यायचा असेल तर 'उस्तेदेस'. लॅटिन अमेरिकेत मित्र असोत नाहीतर सासू-सासरे, सगळ्यांना 'उस्तेदेस'च, म्हणजे आपलं 'तुम्ही सगळे' जसं चालतं तसंच. अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागात 'तू'च्या जागी 'वोस' येतं, मग 'तू तिएनेस' (तुझ्याकडे आहे) याचं 'वोस तेनेस' होतं आणि 'एरेस' (तू आहेस) याचं 'सोस'. हे काही गावंढळ वगैरे नाही, तिकडचे प्रोफेसरही असंच बोलतात. आणि 'उस्तेद', म्हणजे एकाच माणसाला म्हटलेलं 'तुम्ही', कायम फॉर्मल असतं असंही धरून चालू नका. कोलंबियाच्या बोगोताला जवळचे मित्रसुद्धा एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात, तो तुमच्यावर रागावलेला नसतो.

उच्चारात आपल्या लोकांची एक खास गडबड आहे. स्पेनच्या मध्य आणि उत्तर भागात 'ग्रासियास' (धन्यवाद) मधला c जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून, हवा चालू ठेवून काढतात. आपण वहीत 'ग्राथियास' लिहितो आणि वाचताना थालीपीठातला थ काढतो, तो नाही तो! जमत नसेल तर सरळ 'स' म्हणा, अख्खी लॅटिन अमेरिका आणि कॅनरी बेटं तेच म्हणतात. कुठलासा राजा बोबडा होता म्हणून हा उच्चार आला ही गोष्ट निव्वळ थाप आहे, कारण 'कासा' म्हणजे घर यातला स तिथेही स्वच्छ 'स'च राहतो. बोबडेपणाची नक्कल असती तर तोही बदलला असता ना?

आता मोठी तक्रार, 'पुस्तकातलं सगळं येतं पण ऐकलेलं कळत नाही.' क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, चिले आणि दक्षिण स्पेनचा आंदालुसिया इथे अक्षराच्या शेवटचा स हलक्या 'ह'सारखा होतो किंवा गायबच होतो, 'मास ओ मेनोस' (साधारण, कमीजास्त) याचं 'मा ओ मेनो'. ब्वेनोस आयरेसला 'यो मे यामो' (माझं नाव...) ऐकू येतं 'शो मे शामो'. यावर नुसता स्पीड कमी करून उपयोग नाही, कारण जो आवाज काढलाच नाही तो हळू चालवून कसा येणार. आधी बोगोता किंवा मेक्सिको सिटीच्या बातम्यांनी कान बसवा, मग एकेका बोलीची छोटी क्लिप लिखित मजकुरासोबत पुन्हा पुन्हा ऐका. चिले शेवटी घ्या, घाई नको.

शब्दांमध्ये 'कोखेर'पासून जपून. स्पेनमध्ये बस 'कोखेर' करणं म्हणजे साधं बस पकडणं, मेक्सिको-अर्जेंटिनात मात्र तो चक्क अश्लील शब्द आहे, तिथे 'तोमार' वापरा. 'ग्वाग्वा' क्युबात आणि कॅनरी बेटांवर बस, चिलेत तान्हं बाळ. 'तोर्ता' मेक्सिकोत सँडविच, अर्जेंटिनात केक.

'शुद्ध स्पॅनिश कोणती' यात वेळ घालवू नका. स्पॅनिशचे नियम ठरवणारी स्पेनची संस्था रिआल अकादेमिया 1713 पासून आहे खरी, पण आज वेगवेगळ्या देशांच्या मिळून 23 अकादमी एकत्र काम करतात, आणि देले या स्पॅनिशच्या सर्टिफिकेट परीक्षेतही कुठलीही बोली चालते.

शेवटची गल्लत म्हणजे कातालान, गालिसियन, बास्क यांना स्पॅनिशच्या बोली समजणं. या स्वतंत्र भाषा आहेत, बास्क तर लॅटिनच्या कुळातलीही नाही. त्यामुळे बार्सिलोनाच्या मेट्रोत 'सालिदा'ऐवजी 'सोर्तिदा' लिहिलेलं दिसलं तर डिक्शनरी काढू नका, कातालान आहे ती, बाहेर जायचा रस्ता तोच.