पॅकेजिंगमध्ये नवीन आहात? आधी सोर्सची ओळ नीट लिहायला शिका

सध्या कॉलेजातली बरीच मुलंमुली विचारतात की ताई, लिनक्स पॅकेजिंग, म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करता येईल असं बांधून देणं, शिकायचंय, कुठून सुरू करू, सी किती यायला पाहिजे, नुसतं पायथन चालेल का. मी सगळ्यांना एकच सांगते, ते सगळं हळूहळू येईल, आधी सोर्सची ओळ लिहायला शिका. फेडोरात पॅकेज कसं बनवायचं ते ज्या स्पेक फाइलमध्ये लिहितात, तिच्यातली सोर्स झीरोने सुरू होणारी ती एक ओळ आणि तिच्यापुढची लिंक. दिसायला एवढीशी, दोन मिनिटांचं काम वाटतं, पण माझं पहिलं पॅकेज जवळजवळ तीन आठवडे तिच्यावरच अडकलं होतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ सॉफ्टवेअर जे लोक लिहितात ते अपस्ट्रीम. ते वेळोवेळी आपला कोड टारबॉलमध्ये, म्हणजे सगळ्या फाइलींच्या एका गठ्ठ्यात, बांधून रिलीज करतात, आणि आपण तो टारबॉल घेऊन फेडोरा, डेबियन, आर्च जे काय लिनक्स असेल त्याच्या पद्धतीने पॅकेज बनवतो. सोर्सची ओळ म्हणजे हा टारबॉल नेमका कुठून आणला त्याचा पत्ता. त्या पत्त्यावर गेलं की उद्या कुणालाही, तुम्हाला फोन न करता, तीच फाइल मिळाली पाहिजे, आणि तीच म्हणजे बाइट न् बाइट तीच.

हे मला माहीत नव्हतं. फेडोरासाठी एक छोटं कमांड लाइन टूल घेतलं होतं, त्याच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचना असतात त्या फाइलमध्ये, इन्स्टॉलचा पाथ चुकीच्या ठिकाणी पक्का करून ठेवलेला, तर मी काय केलं, टारबॉल उघडला, ती एक ओळ बदलली, परत त्याच नावाने टार केला आणि पुढे गेले. सोर्समध्ये लिंक मात्र अपस्ट्रीमची. लॅपटॉपवर एकदम मस्त बिल्ड झालं, दुसरे पॅकेजर तपासतात त्या रिव्ह्यूला टाकलं, खूश होते.

दोन दिवसांनी सकाळच्या लोकलमध्ये, मुलुंडहून घाटकोपरला जाताना, मेल आलं. रिव्ह्यूअरने फेडोरा-रिव्ह्यू नावाचं टूल चालवलं होतं, ते सोर्सच्या लिंकवरून फाइल स्वतः डाउनलोड करतं आणि पॅकेजमधल्या फाइलशी ताडून बघतं. मेलमध्ये दोन ओळी होत्या, एक माझ्या टारबॉलचा चेकसम, म्हणजे बाइटांवरून काढलेला फाइलचा ठसा, आणि एक अपस्ट्रीमचा, एसएचए-२५६ पद्धतीचे म्हणजे प्रत्येकी ६४ अक्षरं, आणि पहिल्या अक्षरापासूनच वेगळी. खाली एवढंच विचारलेलं की हा टारबॉल कुठून आला? घाटकोपरला उतरून मेट्रोत बसेपर्यंत मला रागच येत होता, एक ओळ तर बदललीय, त्यात एवढं काय.

संध्याकाळी ऑफिसातल्या एका सीनियरला दाखवलं. तो म्हणाला, "तू एकच ओळ बदललीस हे तुला माहितीय. त्याला कसं कळणार?" खरंच की. त्याच्या जागी बसून बघितलं तर त्याच्याकडे एक अनोळखी टारबॉल आहे, आत शेकडो फाइली, कुणीतरी त्यात काहीतरी बदललंय, आणि हे पॅकेज उद्या हजारो लोकांच्या मशीनवर रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, इन्स्टॉल होणार आहे. ते ऐकल्यावर राग गेला तो गेलाच.

मग मी बदललेली ओळ परत पहिल्यासारखी केली आणि पुन्हा टार केला. तरी चेकसम जुळेना! तेव्हा कळलं की टारमध्ये नुसता मजकूर नसतो, प्रत्येक फाइलची वेळ, मालकाचं नाव, फाइलींचा क्रम सगळं जातं, वर जीझिपचं कॉम्प्रेशन वेगळं झालं तर तेही बदलतं. म्हणजे एक अक्षर न बदलता नुसतं उघडून बांधलं तरी फाइल वेगळी. म्हणून अपस्ट्रीमच्या टारबॉलला हातच लावायचा नाही. जे बदलायचंय त्याची पॅच फाइल, म्हणजे फक्त फरक लिहिलेली फाइल, करायची, स्पेकमध्ये पॅच झीरो म्हणून द्यायची, ऑटोसेटअप नावाचा मॅक्रो, म्हणजे तयार आदेश, बिल्डच्या वेळी ती लावतो. डेबियनमध्येही तेच, पॅचेस वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात आणि मूळ टारबॉल ओरिग म्हणून जसाच्या तसा.

एकच रास्त अपवाद आहे. टारबॉलमध्ये असं काही असलं जे इतरांना वाटायची परवानगीच नाही, तर ते काढावं लागतं. तेव्हा काढणारी स्क्रिप्ट पॅकेजसोबत द्यायची आणि कॉमेंटमध्ये कारण लिहायचं. डेबियनवाले अशा वेळी व्हर्जनच्या शेवटी प्लस डीएफएसजी (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नियमांचं लघुरूप) लावतात, म्हणजे नावावरूनच समजतं की हा मूळ टारबॉल नाही.

आता लिंक कुठली द्यायची, यात नवीन लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. बरेच अपस्ट्रीम आपला कोड गिटहब या साइटवर ठेवतात, तिथल्या रिलीज पानावर दोन प्रकारच्या फाइली दिसतात. एक मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, स्वतः बांधून अपलोड केलेली, दुसरी सोर्स कोड नावाची, जी गिटहब टॅगवरून, म्हणजे कोडवर लावलेल्या व्हर्जनच्या खुणेवरून, आपोआप बनवून देतं. आपोआपवाल्यात गिट सबमॉड्यूल, म्हणजे दुसऱ्या रेपोतून जोडलेला कोड, येत नाहीत, त्यामुळे कधीकधी अर्धा कोडच गायब असतो आणि बिल्ड का फुटतंय ते कळत नाही. शिवाय ती फाइल मागितल्यावर तयार होते. ३० जानेवारी २०२३ ला गिटहबने कॉम्प्रेशनची पद्धत बदलली, आतला कोड तोच पण बाइट वेगळे, आणि चेकसम तपासणारी बिल्ड्स जगभर धडाधड फुटायला लागली. त्याच दिवशी त्यांना तो बदल मागे घ्यावा लागला. तेव्हा मेंटेनरने अपलोड केलेली फाइल असेल तर ती बरी, असं मी बरेच दिवस डोळे झाकून मानत होते.

पण मग २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या टूलचं प्रकरण बाहेर आलं. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यांनी पिच्छा सोडला नाही, आणि ५.६.० आणि ५.६.१ या दोन व्हर्जनमध्ये बॅकडोअर, म्हणजे मुद्दाम घुसवलेली चोरवाट, सापडलं. ते चालू करणारी, बिल्डच्या वेळी वापरली जाणारी एम४ फाइल गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती! म्हणजे गिटमधला कोड वाचून कुणाला ते दिसलंच नसतं. त्या रात्री मी माझी सगळी पॅकेजेस उघडून टारबॉल आणि टॅग डिफ करत, म्हणजे दोन्हीतला फरक काढत, बसले होते, पहाटे कधीतरी झोपले.

तेव्हापासून माझा हिशोब असा. अपस्ट्रीम टारबॉलवर सही करत असेल तर तो घ्यायचा, सही आणि ती तपासायची सार्वजनिक की दोन्ही पॅकेजमध्ये ठेवायच्या, बिल्डमध्ये तपासायच्या, आणि नवीन व्हर्जन आलं की टॅगशी डिफ करायचाच. फरक फक्त कॉन्फिगरसारख्या आपोआप तयार होणाऱ्या फाइलींचा असला तर तेवढ्याच डोळ्यांखालून घालायच्या. सही नसेल आणि सबमॉड्यूलची भानगड नसेल तर सरळ टॅगचा आर्काइव्ह. टॅगच नसेल तर पूर्ण ४० अक्षरी कमिट, म्हणजे गिटमधल्या त्या नेमक्या बदलाचा आयडी. मेन किंवा मास्टर ब्रँचची लिंक कधीही नाही, ती आज एक फाइल देते, उद्या दुसरी.

लिंकमध्ये व्हर्जन हाताने टाइप करू नका, व्हर्जनचा मॅक्रो वापरा. गिटहबवर आणखी एक त्रास होतो, टॅगला पुढे व्ही असतो, डाउनलोड झालेल्या फाइलचं नाव नुसतं व्ही १.४ असं काहीतरी येतं, पण आतल्या फोल्डरच्या नावात तो व्ही नसतो. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय. त्यावर उपाय म्हणजे लिंकमध्ये टॅगनंतर स्लॅश देऊन प्रोजेक्टचं नाव आणि व्हर्जन लिहायचं, गिटहबला ते चालतं आणि फाइल नीट नावाने उतरते. डेबियनमध्ये वॉच फाइल लिहिलीत की यूस्कॅन स्वतःच नवीन रिलीज शोधून आणतं. आर्चच्या पीकेजीबिल्डमध्ये, म्हणजे तिथल्या स्पेकसारख्या फाइलमध्ये, चेकसमच्या जागी स्किप लिहिता येतं, ते गिटवरून थेट कोड घेताना ठीक, टारबॉलला आळसाने स्किप लावलेलं दिसलं की मला वाईट वाटतं.

सरावाला मी देवनागरी फॉन्ट घ्यायला सांगते. आपल्या मुंबईतल्याच 'एक टाइप' नावाच्या, फॉन्ट बनवणाऱ्या फाउंड्रीने चांगले देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिलेत. तोच फॉन्ट शोधलात तर दहा साइटवर झिपमध्ये मिळेल, कुठल्याच झिपवर धड व्हर्जन नाही, आणि लायसन्सची फाइल कुणीतरी गाळलेली. मग खरा अपस्ट्रीम कोण, डिझायनरची स्वतःची रेपो, म्हणजे कोड ठेवायची जागा, कुठली, रिलीज कुठलं, हे शोधताना जे शिकाल ते कुठल्या कोर्समध्ये नाही.

आणि लिंका मरतात हे लक्षात ठेवा. गूगल कोड ही कोड ठेवायची साइट जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली, जुन्या स्पेक फाइलींमध्ये तिच्या लिंका मी बघितल्यात. फेडोरा टारबॉलची प्रत स्वतःच्या लुकअसाइड कॅश नावाच्या साठ्यात ठेवतं आणि रेपोत त्याचा चेकसम, म्हणून पॅकेज तगतं. तरी नवीन घर सापडलं की लिंक लगेच बदला, आणि अपस्ट्रीम पूर्णच गायब असेल तर तसं कॉमेंटमध्ये लिहा.

रिव्ह्यूला टाकायच्या आधी मी एक रिकामं फोल्डर करते, त्यात फक्त स्पेक टाकते, स्पेकटूलने सोर्स उतरवते आणि चेकसम ताडते. जुळला नाही तर पुढे जात नाही.

ते पहिलं पॅकेज शेवटी पास झालं. नंतर मी नोकरी बदलली, वर्षभर त्याच्याकडे बघायलाही झालं नाही. एक दिवस घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर नोटिफिकेशन आलं, कुणीतरी अनोळखी पॅकेजरने नवीन व्हर्जन चढवलं होतं. उघडून बघितलं तर बदल तीनच ओळींचे, व्हर्जन, चेकसम आणि चेंजलॉग. मला त्याने काहीच विचारलं नव्हतं.