एआयकडून गरोदर बायकांसाठी पत्रक बनवताय? या चुका टाळा

आमच्या दापोलीकडच्या एका दवाखान्यासाठी गरोदरपणातल्या आहाराचं पत्रक हवं होतं, मी एआयला म्हटलं मराठीत लिहून दे, दोन मिनिटांत पान तयार, भाषा एकदम गुळगुळीत, आणि मधेच एक ओळ, "बांगडा खाऊ नये". अहो, कोकणात बांगडा बंद केला तर बाईने जेवायचं कशाशी?

शोधलं तेव्हा घोळ कळला. अमेरिकेत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना जे जास्त पाऱ्याचे मासे टाळायला सांगतात त्यात किंग मॅकरेल आहे, तो सुरमईच्या कुळातला, मोठा, दुसरे मासे खाऊन वाढणारा, म्हणून त्याच्यात पारा साठतो. एआयला मॅकरेल दिसलं की त्याने बांगडा केलं, आपला बांगडा बिचारा केवढासा! आणि त्याच यादीतला शार्क मात्र त्याने "शार्क" असाच ठेवला. म्हणजे आपली मोरी, जी बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम घालतात. शार्क आपण कुठे खातो, असं म्हणून बाई पुढची ओळ वाचणार. म्हणून माशांची नावं एआयवर सोडू नका, कोळणीला विचारा.

शब्दांचंही तसंच. "ग्रीवेचा कर्करोग" वाचून एक काकी मान चोळत म्हणाल्या, माझी दुखते खरी. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लिहा ना सरळ. श्वेतप्रदर नको, अंगावरून पांढरं जाणं म्हणा.

आकडे पण तिकडचेच येतात. लोह रोज 27 मिलिग्रॅम लिहिलेलं, ती तिकडची रोजची गरज, आपल्या सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, बाई गोंधळून अर्धी गोळी तोडायची. आणि चहासोबत गोळी घेऊ नका हे मुळात नव्हतंच, आमच्याकडे सकाळ चहानेच होते! गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी 21 व्या वर्षापासून म्हणे, आपल्या सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वय, दर 5 वर्षांनी. इमर्जन्सीला 911, इथे 108.

यावर उपाय एकच लागू पडला, आपल्याकडची सरकारी माहिती आधी पेस्ट करायची आणि सांगायचं, यातलंच लिही, बाहेरचं काही घालू नको. पेशंटचे रिपोर्ट मात्र त्यात टाकू नका. चित्रावरची मराठी अक्षरं मोडतात, ती नंतर वेगळी टाईप करा.

छापायच्या आधी आशाताईंना मोठ्याने वाचायला दिलं, जिथे अडखळल्या तिथे पेन्सिलची खूण. अकरा झाल्या.